जाळं न पडलेली जागा

टच्.

दुपारच्या त्या चिडीचूप घरात नेलकटरचा एवढासा आवाज मला फटाका फुटल्यासारखा वाटला. किमू हलली, झोपेतच ओठ चोखल्यासारखे केले आणि पुन्हा स्थिर झाली. मी श्वास सोडला. जागेपणी ही मुलगी नखांना हात लावू देत नाही, म्हणून तिच्या नखांचं काम मी झोपेत उरकते. आणि नखं झाली की तिच्या उशालाच लॅपटॉप उघडते. माझी नोकरी म्हणाल तर ती, माझा दिवस म्हणाल तर तो, तिच्या दोन झोपांच्या मध्ये बसवलेला.

त्या दिवशी मात्र नखं झाल्यावरही मी लॅपटॉप उघडला नाही. उघडायची हिंमत होत नव्हती. कारण त्यातल्या एका शीटने माझ्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवलं होतं, आणि ते शीट मीच बनवलं होतं.

आधी ‘पाळण्या’बद्दल सांगायला हवं.

आमच्या आंबवेळ गावासमोर, किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, समुद्राच्या तळाशी दोन लांबट खडक आहेत. त्यांच्या मधली खोलगट जागा म्हणजे पाळणा. हेकरू, तांबोशी, शेवंडं तिथे अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिथेच मोठी होतात. गावाचा नियम एकच: पाळण्यात जाळं टाकायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण होडीवर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ करावा लागतो. माझे सासरे मोरेश्वर तांडेल, आमचे आबा, तो असा म्हणतात: “भैरीचा कळस वडाच्या शेंड्याला टेकला, दीपस्तंभ बुरुजाआड गेला, की सुकाणू फिरव.” देवळाचा कळस आणि वडाचा शेंडा एका रेषेत आले ही एक रेषा. दीपस्तंभ आणि किल्ल्याचा बुरूज ही दुसरी. जिथे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, तिथे खाली पाळणा. आमच्या किमूला अजून आपलं आडनाव नीट म्हणता येत नाही, पण हे येतं.

पाळण्याला इतकी वर्षं कुणी धक्का लावला नव्हता. आता ‘खेकडे’ येणार होते.

खेकडा हे गावाने ठेवलेलं नाव. तरंगत्या पवनचक्क्यांना तळाशी बांधून ठेवण्यासाठी समुद्राच्या बुडावर आठ पायांनी चालणारी ती यंत्रं आहेत. खडक शोधायचा, त्यात भोक पाडायचं, नांगर ठोकायचा आणि पुढे सरकायचं. वर माणूस लागत नाही. त्यांना पवनचक्कीची जागा बोटभराच्या अचूकतेने कळते, कारण वरून उपग्रह सांगतात. पण त्यांना ‘भैरीचा कळस’ कळत नाही. त्यांना फक्त सागरी नोंद कळते. त्या नोंदीत अक्षांश-रेखांशासह लिहिलेली जागा ते टाळतात. बाकी सगळा समुद्र त्यांच्या लेखी मोकळा. आणि त्यांना हवा असतो खडकच.

नोंदीचे नियम तसे वाजवी होते. मासे पकडायची साधी जागा असेल तर होड्यांनी थोडं सरकायचं, समुद्र मोठा आहे. पण पिल्लांची जागा असेल आणि गेल्या दहा वर्षांत तिथे मासेमारी झालेली नसेल, तर ती कायमची राखीव. पुरावा म्हणून होड्यांच्या जीपीएस संचांमधले मार्ग द्यायचे. ते आमच्याकडे होते. मोसम संपला की प्रत्येक होडीचा संच मच्छीमार संस्थेच्या संगणकावर उतरवून ठेवायची पद्धत आहे. जाळ्यात जाळं अडकलं की कोण कुठे होतं यावरून भांडणं होतात ना, त्यासाठी.

आणखी एक अट होती. आकडे कुठल्या बुद्धिमान यंत्राला विचारून आणायचे नाहीत. दोन-तीन वर्षांपूर्वी देशभर अशा यंत्रांनी केलेल्या नोंदींचा बराच घोळ झाला होता. कुणाची शेतं नदीत, कुणाच्या विहिरी रस्त्यावर. तेव्हापासून ‘उघडं गणित’ लागतं. प्रत्येक पायरी रकान्यात मांडलेली, कुणालाही बोट ठेवून तपासता येईल अशी. म्हणजे पुन्हा आपलं जुनं स्प्रेडशीट! मी भूमापनाची पदवी घेतलेली, घरी बसून असली कामं करणारी. संस्थेने ते काम माझ्याकडे दिलं तेव्हा आबा गावभर सांगत सुटले होते, “आता दर्याचा हिशोब माझी सून करते.”

आणि शीट तयार झालं. होडीवरचा संच ‘सतरा, सदतीस, पाचशे बारा’ असं बोलतो, म्हणजे सतरा अंश आणि सदतीस पूर्णांक पाचशे बारा सहस्रांश मिनिटं. नोंदीला मात्र नुसते अंश लागतात. मिनिटांना साठने भागायचं, अंशांत मिळवायचं, सूत्र लिहून खाली ओढायचं. लाखो ओळी. मग त्यांचे ठिपके काढले आणि पडद्यावर गावाचा सगळा समुद्र उमटला. होड्यांच्या मार्गांची दाट वीण, आणि तिच्या मधोमध एक कोरी, लांबट जागा. कुणीच न गेलेली.

त्या कोऱ्या जागेतून एकाच होडीच्या रेघा आरपार गेल्या होत्या. एकदा नाही, दर मोसमात. होडी आमची होती. गेली दहा वर्षं, आबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून, तिचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, माझा नवरा प्रणित.

*

हे मी कुणाला सांगायच्या आधीच गावाला कळलं, कारण ठिपके काढण्यापूर्वीच शीट मी नोंद कार्यालयाला पाठवून दिलं होतं आणि त्याची प्रत संस्थेतही गेली होती. प्राथमिक उत्तर आलं: सदर ठिकाणी नियमित मासेमारी झाल्याचे दिसते, राखीव दर्जा देता येणार नाही, हरकत असल्यास गुरुवारी सुनावणीत मांडावी.

आबांनी काही आरडाओरडा केला नाही. जेवायला बसले, ताटातला बांगडा बोटांनी चाचपला आणि ताट पुढे सरकवलं.

“स्वरा, उद्यापासून मला पिठलं कर.”

“आबा, पोट बिघडलंय का?”

“पाळण्यात जाळं टाकणाऱ्याच्या हातचं मासं माझ्या घशाखाली उतरायचं नाय.”

प्रणित समोरच होता. त्याने जेवण संपवलं, ताट उचललं, घासून पालथं घातलं आणि बाहेर गेला.

माझा नवरा कमी बोलतो. लग्नाआधी मला ते फार आवडायचं. त्या दिवशी मला वाटलं, अरे, निदान ओरड तरी! दुसऱ्या दिवशी अंगणात तो जाळं सांधत बसला होता तिथे मी गेले. किमू त्याच्या पाठीवर घोडा-घोडा करत होती.

“गेला होतास का?”

“कुठे?”

“तुला माहितेय कुठे.”

त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. “तुझं शीट काय म्हणतं?”

“गेला होतास म्हणतं.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“कारण तू माझा नवरा आहेस आणि शीट माझं शीट आहे. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय.”

“तू शोध,” तो म्हणाला. “तू हुशार. मी सांगून तुला पटणार असतं, तर तू विचारलंच नसतंस.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. मी ज्या माणसाशेजारी झोपते त्याच्यापेक्षा एका रकान्यावर माझा जास्त विश्वास होता. मी घरात आले आणि सगळी सूत्रं पहिल्यापासून तपासली. साठने भागलं होतं, बरोबर. अंश मिळवले होते, बरोबर. शीट खोटं बोलत नव्हतं.

हनीफ भाटकर आला, प्रणितचा शाळेपासूनचा मित्र, शेजारच्या होडीचा तांडेल. दारातूनच म्हणाला, “वहिनी, गावात लोक काय वाटेल ते बोलतायत. मी एकाची कॉलर धरून आलोय.”

“तुम्हाला काय वाटतं, हनीफभाई?”

“पाळण्याच्या वायव्य कडेला यांचीच जाळी लागतात, पिढ्यान्‌पिढ्या. मी रोज त्याला तिथे बघतो. कडेला. कडेच्या आत कधी नाही. पण मी बघतो म्हणजे काय? डोळ्यांनी. तुमच्या त्या नोंद कार्यालयातल्या मॅडमला डोळे चालत नाहीत ना.”

आबा खुर्ची समुद्राकडे वळवून बसले होते. दिसत काही नाही, तरी रोज तसेच बसतात. पाठ न वळवता म्हणाले, “हनीफ, त्याची बाजू घेऊ नको. माझ्या होडीने माझं तोंड काळं केलंय.”

“तांडेल, होडी बोलत नाही हो, संच बोलतो.”

“संच मी स्वतः लावलाय. तो खोटं बोलायचा नाय.”

हे वाक्य मी ऐकलं. तेव्हा नुसतंच ऐकलं.

*

तर त्या दुपारी, नखं कापून झाल्यावर, मी न उघडलेल्या लॅपटॉपशेजारी बसून होते. किमू उठली. आधी आपली नखं तपासली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

“कापलीस?”

“उंदराने नेली.”

“खोटं.” मग ती मांडीत येऊन बसली. “बाबाची होडी दाखव.”

काय करणार? उघडला. रंगीत रेघांचा तो गुंता तिला फार आवडतो. तिने बोट ठेवलं, “ही बाबाची?” हो. “ही हनीफकाकाची?” हो. “आपलं घर कुठाय?”

घर त्यात नव्हतं. खाडीच्या आतले, धक्क्याजवळचे ठिपके मी पहिल्याच दिवशी गाळून टाकले होते. होड्या रोज तिथेच तर बांधतात, लाखो निरुपयोगी ओळी, शीट नुसतं जड होतं.

“घर नाहीये त्यात, बाळा.”

“मग बाबा घरी कसा येतो?”

तिला समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं, म्हणून मी गाळणी काढली आणि ठिपक्यांखाली गावाचा वरून काढलेला फोटो लावला. शीटने बराच वेळ विचार केला. मग खाडीचं अरुंद तोंड उमटलं, त्यातून एकामागे एक आत येणाऱ्या रेघा, धक्का, आमचं कौलारू घर. हनीफची होडी धक्क्याला लागलेली. सगळ्यांच्या होड्या धक्क्याला लागलेल्या.

आमची होडी मात्र खाडीत शिरतच नव्हती. ती खाडीच्या दक्षिणेला, टेकडीवर चढून, नारळाच्या बागेतून, थेट बर्फाच्या कारखान्यात शिरत होती आणि रात्रभर तिथेच थांबत होती. दहा वर्षं. रोज.

किमू टाळ्या पिटायला लागली. “बाबाची होडी बर्फात गेली!”

मला आधी हसू आलं, मग रडू. मग दोन्ही एकदम.

“आबा!” मी ओरडले. “तुम्ही संच लावलात म्हणजे काय केलंत?”

*

पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. सोललेल्या नारळासारखी आहे, कुठे फुगीर, कुठे दबलेली. अशा नारळावर अक्षांश-रेखांशाच्या सरळ रेघा काढता येत नाहीत. म्हणून नकाशा करणारे आधी एक गुळगुळीत अंडं कल्पतात, ते नारळावर शक्य तितकं चपखल बसवतात आणि रेघा त्या अंड्यावर काढतात. दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानची मोजणी झाली तेव्हा असं अंडं निवडलं जे आपल्या देशावर छान बसेल. पलीकडे अमेरिकेत ते सैल होतं की घट्ट, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुढे उपग्रह आले. त्यांना सगळ्या जगावर बसणारं अंडं हवं होतं, त्यांनी वेगळं निवडलं. दोन अंड्यांचे मध्यबिंदू एकाच जागी नाहीत, काहीशे मीटर सरकलेले आहेत. त्यामुळे तेच आकडे, तेच अंश, तीच मिनिटं, पण एका अंड्यावर ते एक जागा दाखवतात आणि दुसऱ्यावर दुसरी. आमच्या किनाऱ्यावर हा फरक सव्वाशे मीटरच्या आसपास पडतो.

हे सगळं मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं होतं, गुण मिळवले होते आणि विसरले होते. जीपीएस म्हणजे उपग्रहाचंच अंडं, हे इतकं गृहीत धरलं होतं की विचारायचं सुचलंच नाही.

आबांना मी वेगळ्या तऱ्हेने सांगितलं.

“समजा, धक्क्यापासून जाळं किती वाव लांब आहे ते मोजायचंय. तुम्ही पहिल्या खांबापासून मोजलंत, मी तिसऱ्या खांबापासून. दोघांचं मोजणं चोख. पण आकडे जुळतील का?”

“खांब कुठला ते आधी बोलायला हवं,” आबा म्हणाले.

“तेच कुणी बोललं नाही. तुम्ही संच आणलात तेव्हा तो कशाशी जुळवलात?”

“कशाशी म्हणजे? माझ्या नकाशाशी. कागदाच्या. गावात पहिला संच माझा. दुकानदार म्हणाला, असाच चालू करा. मी म्हटलं, असाच कसा? नकाशात खडक एकीकडे नि संच सांगतो दुसरीकडे, होडी फोडू काय? दापोलीच्या एका मास्तरांना घेऊन बसलो, त्यातलं ते इंग्रजी सगळं उलटंपालटं केलं, तेव्हा जुळला. मागाहून घेतले त्यांनी तसेच वापरले. त्यांच्याकडे नकाशा कुठे होता?”

हे ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि तो तोरा रास्त होता. त्या काळी, हातात कागदाचा नकाशा असताना, तेच बरोबर होतं. अख्ख्या गावात एका माणसाने खांब तपासला होता.

“म्हणजे, आबा, आपला संच कायम जुन्या खांबापासून बोलतोय. मी बाकी सगळ्यांसारखा त्याचाही आकडा नव्या खांबाचा समजले. म्हणून वायव्य कडेची होडी माझ्या शीटमध्ये आग्नेयेला सरकली आणि पाळण्यात पडली.”

आबांनी मान माझ्याकडे वळवली.

“आणि फक्त प्रणितची नाही. मी आत्ताच मागची वर्षं उघडून बघितली. तुम्ही तांडेल होतात तेव्हाची. तुम्हीही पाळण्यात जात होतात, आबा. दर मोसमात.”

“मी?” आबा खुर्चीतून उठलेच. “मी पाळण्यात? कोण म्हणतो? त्या शीटला घेऊन ये माझ्यासमोर, बघतो त्याला!”

आणि मग त्यांना कळलं. चेहरा बदलताना मी बघत होते. ते हळूच खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवले.

“पोरगा कुठाय?”

“धक्क्यावर.”

“असू दे,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “असू दे. गुरुवार होऊ दे आधी. तुला-मला कळून काय उपयोग गो, त्या बाईला कळायला हवं.”

आबा अजून पिठलंच खात होते. पण त्या दिवशी त्यांनी ते दोनदा मागून घेतलं.

*

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. निम्मं गाव आलं होतं. नोंदणी अधिकारी सोनटक्के मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. किमूला कुणाकडे ठेवावं कळेना, म्हणून ती माझ्या कडेवर. एका हाताने मूल, एका हाताने माऊस. असं मी वर्षभर काम करते आहे, तेव्हा तसंच उभी राहिले.

मी सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला.

“म्हणजे ज्या एका होडीमुळे दावा अडला, ती तुमच्या घरची. आणि त्याच होडीचे आकडे तुम्हीच बदललेत?”

सभागृहात कुणीतरी खाकरलं. मी किमूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“बदलले नाहीत, मॅडम. रूपांतर केलं. मूळ आकडे डावीकडच्या रकान्यांत तसेच आहेत. पुढे जे केलंय ते उघडं आहे. आधी प्रत्येक अक्षांश-रेखांशाचं पृथ्वीच्या पोटातल्या मध्यबिंदूपासूनच्या तीन सरळ अंतरांत रूपांतर. मग जुना मध्यबिंदू आणि नवा मध्यबिंदू यांच्यातला फरक त्यात मिळवायचा. तीनच आकडे आहेत, वरच्या तीन पिवळ्या चौकोनांत. ते माझे नाहीत, जाहीर झालेले आहेत, कुणालाही मिळतात. मग पुन्हा पृष्ठभागावर यायचं. बस.”

“पण तुम्ही ते असे निवडले असतील की होडी पाळण्याबाहेर पडेल.”

“तुम्ही आत्ता ते पुसून बघा.”

त्या उठून पडद्यापाशी आल्या. तीन पिवळ्या चौकोनांत शून्य भरलं. पडद्यावर आमची होडी टुणकन उडाली आणि बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसली. मागून हशा उठला. हनीफ ओरडला, “प्रणित, मासे ताजे राहावेत म्हणून गेला असशील रे!”

मॅडमनी जाहीर आकडे स्वतःच्या फोनवरून बघून परत भरले. होडी टेकडीवरून उतरली, खाडीच्या तोंडात शिरली आणि धक्क्याला लागली. हनीफच्या होडीच्या अगदी शेजारी, जिथे ती रोज असते.

“मी ते आकडे ना पाळण्याकडे बघून घेतले, ना धक्क्याकडे,” मी म्हणाले. “होडी आपणहून घरी आली.”

आबांनी संच पिशवीत घालून आणलाच होता. हनीफने तो चालू करून, मेनूत शिरून, मॅडमच्या हातात दिला. तिथे जुन्या मोजणीचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. मॅडमनी त्याचा फोटो काढला. मग पडद्यावरचं चित्र त्यांनी स्वतःच हलवलं, खाडीतून बाहेर, समुद्रात, जिथे दोन खडक आहेत तिथे.

दाट वीण. लाखो ठिपके. चाळीसेक होड्यांच्या दहा वर्षांच्या येण्या-जाण्याचा गोंधळ, आणि मधोमध ती लांबट जागा. आता पूर्ण कोरी. आमच्या होडीची रेघ तिच्या वायव्य कडेला घासून जात होती, एकदाही आत न शिरता, जसा साडीला काठ असावा तशी.

मी त्यावर आबांच्या खुणांच्या दोन रेषा टाकल्या. कळस-वड. दीपस्तंभ-बुरूज. छेद त्या कोऱ्या जागेच्या पोटात पडला.

मी खूप नकाशे केलेत. पण असा नकाशा मी कधी बघितला नव्हता. तो कुणी काढलेला नव्हता. माणसं जिथे गेली नाहीत, मोह झाला असेल, जाळं रिकामं आलेलं असेल, घरी पोरं वाट बघत असतील, तरी जिथे गेली नाहीत, तिथे तो आपोआप उमटला होता.

“दिसतंय काय?” आबांनी विचारलं. डोळे पडद्याच्या भलत्याच बाजूला होते. “कुणीतरी सांगा रे. स्वच्छ हाय काय?”

प्रणित भिंतीपाशी उभा होता. तो आला, बापाशेजारी उकिडवा बसला आणि त्यांचा हात धरून हवेत एक लांबट आकार काढला. “असा दिसतो, आबा. दोन्ही टोकांना निमुळता. मधे एक ठिपका नाही.”

आबांनी तो हात सोडला नाही. त्याच्याच हाताने तोच आकार पुन्हा एकदा काढून बघितला. मग म्हणाले, “माझी पण वर्षं टाकलीस काय गो त्यात?”

“टाकली, आबा.”

“मग नीट सांग की सगळ्यांना. बापलेक दोघंही.”

सभागृहात टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. किमूने माझ्या कडेवरून सगळ्यांत मोठी शिट्टी मारायचा प्रयत्न केला आणि मला थुंकीने भिजवलं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नोंद तिथेच भरायला घेतली. “अक्षांश सांगा. रेखांश सांगा. आणि तारीख.”

“कसली तारीख?” संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं.

“आजची. हल्ली नुसती जागा लिहून चालत नाही, जागा आणि तारीख लागते. जमीन सरकते ना.”

निघताना त्या माझ्याजवळ थांबल्या, किमूच्या गालाला बोट लावलं. “माझा तीन वर्षांचा आहे,” म्हणाल्या. “आत्ता आईकडे. ते शीट मला पाठवाल? दुसऱ्या गावांना दाखवेन म्हणते.”

घरी आल्यावर आबा ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

“काय हवंय, आबा?”

“आज मासं काय हाय?”

“पिठलं आहे,” प्रणित मागून म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा आवाज हसत होता.

“गप रे, मेल्या,” आबा म्हणाले. “स्वरा, दोन बांगडे तळ. एक त्याला दे. मोठा दे.”

मीही त्याला काहीतरी म्हणणार होते. भांडी विसळता विसळता शब्द जुळवत होते. त्याने माझ्या हातातली कढई घेतली आणि म्हणाला, “शोधलंस ना? झालं तर.”

*

परवा रविवारी किमूने स्वतः हात पुढे केला. “काप. मी उठलेली असताना काप. उंदीर कसा नेतो ते बघायचंय.”

मी तिला मांडीवर घेतलं. टच्. तिने डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला.

“नखं का वाढतात?”

“सगळंच थोडं थोडं वाढतं, सरकतं. आपली जमीन पण सरकते, माहितेय? आपलं घर, धक्का, भैरीचं देऊळ, सगळं मिळून ईशान्येला चाललंय. तुझी नखं वाढतात ना, साधारण तितक्याच हळू.”

“आत्ता पण?”

“आत्ता पण.”

ती जमिनीकडे बघत राहिली. पाय टेकवून बघितला.

“मला नाही कळत.”

“मलाही नाही कळत. वरून उपग्रहांना कळतं. म्हणून तर त्या बाईंनी तारीख लिहिली. पुढच्या वर्षी पाळणा थोडासा पुढे गेलेला असेल. खेकडे तारीख बघतील, किती सरकला ते मोजतील आणि तेवढं पुढे जाऊन त्याला टाळतील. म्हणजे तो हरवणार नाही.”

“मासे पण येतील बरोबर?”

“येतील.”

“आपण पण?”

“आपण पण. आबा, बाबा, हनीफकाका, सगळे.”

टच्. शेवटचं नख. तिने ते तळहातावर घेतलं, एवढीशी चंद्रकोर, आणि उंदरासाठी खिडकीत नीट ठेवलं. आबा बाहेर खुर्चीत होते, तोंड समुद्राकडे. प्रणितची होडी खाडीच्या तोंडातून आत येत होती. किमू खिडकीत चढून बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, विसरली.

मग ती वळली.

“आई, आपण सगळे पुढे आलो ना, मग आपण आधी होतो ती जागा आता कोण राखतं?”